वर येऊन श्वास घेणारे मासे

"बाबा, तुमच्या डोहात मासा मरत न्हाई म्हणता. मग माझा भाऊ कसा मेला?"

सर्जाने हे विचारलं तेव्हा हैबतीच्या चितेची राख अजून निवली नव्हती. नूरशाबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसले होते. त्यांचे ओठ हलले... आणि पुन्हा मिटले.

हाच प्रश्न सर्जा सगळा भोईवाडा फिरून विचारून आला होता. पट्टीचा पोहणारा, नदी तळहातासारखी पाठ असलेला, दिवसाढवळ्या, संथ पाण्यात बुडतो कसा? कुणी नशिबावर ढकललं. कुणी म्हणालं, पाण्यानं ओढला. आईने पदर तोंडात कोंबला. उत्तर कुणीच दिलं नाही.

आणि बाबाही गप्प बसले, तेव्हा सर्जाचं डोकं फिरलं.

"जलमभर पाण्याकडं तोंड करून बसलास! तुला बी म्हाईत न्हाई?"

आयुष्यात पहिल्यांदा तो बाबांना अरेतुरे बोलला होता. बाबांनी ते ऐकून घेतलं. मग पायरीवर जरा सरकून बसले आणि शेजारी जागा केली.

सर्जा बसला नाही. पाय आपटत निघून गेला.

नदी कड्याला वळसा घालते तिथे पिराचा डोह आहे. काठावर करंजाच्या सावलीत एवढासा दर्गा. भोई डोहाच्या वरच्या अंगाला जाळं टाकतात, खालच्या अंगाला टाकतात, डोहात कधीच टाकत नाहीत. वाडवडिलांपासूनची रीत. त्यामुळे तिथे खडस मासे माणसाच्या मांडीएवढे वाढतात. तांबूस खवल्यांचे, रुंद पाठीचे. कुणी काठावर आलं तरी बिचकत नाहीत, लग्नघरातल्या म्हाताऱ्यांसारखे सावकाश हिंडत राहतात.

एवढा मासा असून खायचा का नाही, असं कुणी विचारलं तर बाबा उलट विचारायचे, "खाली तुझ्या जाळ्यात येतो तो कुठनं येतो? ही बियाण्याची कणगी हाय. बियाणं कुणी भाजून खातं व्हय?"

कधी एखादा खडस तोंडात तुटका गळ घेऊन डोहात परतायचा. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, त्याला मांडीशी धरून तो गळ सोडवायचे आणि दर्ग्याच्या चौकटीला टांगायचे. वारा सुटला की चौकट किणकिणायची.

फकिराला शिष्य करायची हौस नव्हती. पण हैबती त्यांच्यापाशी बसून बसून मोठा झाला होता. उन्हाळ्यात नदीची धार तुटायची, नुसती डबकी उरायची. डबक्यात अडकलेली माशांची पिल्लं तापल्या पाण्यात तोंडं वर काढून तडफडायची. हैबती ती फडक्याने गोळा करायचा, घागरीत घालायचा आणि खांद्यावरून डोहात आणून सोडायचा.

भोईवाडा हसायचा. "हैबती, माशांची वरात निघाली का रं?"

"वरात न्हाई," हैबती म्हणायचा. "माहेरपण."

सर्जा असल्या कामात टिकणारा नव्हता. एकदा मास्तरांनी हैबतीला नावं ठेवली, याने पाटी फेकून मारली, आणि चौथीतच शाळा संपली. त्याला घागरीचं कौतुक नव्हतं, डोहाचं नव्हतं. घागर ज्याच्या खांद्यावर होती त्याचं होतं.

तो खांदाच गेला.

थंडीत बाबा आजारी पडले. भाचा आला आणि त्यांना बैलगाडीत घालून आपल्या गावी घेऊन गेला. डोहावर बघणारं कुणी उरलं नाही.

त्याच दिवसांत सर्जा बाजाराला गेला होता. मासळीच्या ओळीत एक निळं पिंप. पिंपात काळे, मिशाळ, गुळगुळीत मासे एकमेकांवर वळवळत होते. पाणी कसलं, नुसता फेस. तरी त्यातला एकेक वर यायचा, हवेचा घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली जायचा.

सर्जा तिथेच थबकला.

"मांगूर हाय, परदेशी," विकणारा म्हणाला. "ने की. हा मरत न्हाई."

"मरत न्हाई?"

"चिखलात ठेव, पाण्याबाहेर ठेव. वर येतो, श्वास घेतो, जगतो."

वर येतो... श्वास घेतो...

पुढचं सर्जाला ऐकूच आलं नाही. खिशात होतं नव्हतं ते त्याने विकणाऱ्याच्या हातावर ठेवलं, मिळाले तेवढे मासे बादलीत घेतले आणि पळत सुटला तो थेट डोहावर. ज्या खडकावरून हैबती शेवटचा पाण्यात उतरला, त्याच खडकावर उभं राहून त्याने बादली उपडी केली.

"जा दादा," तो म्हणाला. "पोह. पर वर येत जा."

आणि ते येऊ लागले. सर्जा रोज चुरमुरे आणायचा, बाजारच्या दिवशी कोंबडीची आतडी आणायचा, खडकावर बसून "दादा" अशी हाक मारायचा. काळी तोंडं वर यायची, हवा गिळायची, त्याच्या हातातून खायची. त्यांतला एक सगळ्यांत थोराड. त्याची उजवी मिशी अर्धी तुटलेली. हैबतीचीही मिशी उजवीकडे जरा विरळच होती.

एक दिवस तो वहिनीला घेऊन आला. ती बराच वेळ तुटक्या मिशीच्या माशाकडे बघत राहिली आणि हैबती गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली.

भोईवाड्यात ज्यांना कळत होतं तेही गप्प राहिले. भाऊ गेलेल्या पोराच्या तोंडाला कोण लागणार?

चैत्रात बाबा परतले. अंगावर कातडं तेवढं उरलं होतं. काठी टेकत काठावर आले तेव्हा सर्जा चुरमुरे टाकत होता.

बाबा पाण्याकडे बघत उभे राहिले... उभेच राहिले.

"कुणी सोडले?"

"म्या. दादाच्या नावानं."

बाबांनी मान हलवली. मग काठीने डोहाचा उथळ कोपरा दाखवला. तिथे वाळू आहे, पाणी पोटरीभर.

"पाय बुडव."

"आँ?"

"पाय सोडून बस जरा."

सर्जा बसला. बसता बसता त्याला आठवलं. हैबती त्याला हात धरून इथेच बसवायचा. पाय पाण्यात गेले की पिल्लांचा घोळका यायचा आणि टाचांना, बोटांना बारीक बारीक चावायला लागायचा. सर्जा गुदगुल्यांनी बोंबलायचा. "उचलू नगंस," हैबती सांगायचा, "पावण्यांना जेवू दे."

आता पाणी होतं. वाळू होती. पाय होते.

"काय होतंय?" बाबांनी विचारलं.

"काय न्हाई."

"काय न्हाई," बाबा म्हणाले.

सर्जाने पाय उपसून घेतले. "ऊन किती हाय! खाली गेली असतील पिल्लं, थंडाव्याला."

बाबांनी खोलातल्या काळ्या पाठींकडे बघितलं.

"माझ्या माशांवर घेताय व्हय? तुमचे मासे देवाचे आणि माझे काय राक्षसाचे?"

"सगळे त्याचेच, बेटा. डोह मातर एकच हाय."

"पिल्लं पायजेत ना तुम्हाला? आणतो म्या! दादा आणायचा तशी आणतो!"

बाबा काही बोलायच्या आत तो घराकडे पळाला. हैबतीची घागर घेतली, वरच्या अंगाची डबकी धुंडाळली. ऊन टाळूवर आलं होतं. गुडघ्यावर बसून, फडक्याचे दोन कोपरे दातांत धरून, त्याने मरायला टेकलेली पिल्लं निवडून निवडून घागरीत घातली. आयुष्यात पहिल्यांदा तो एका कामात एवढा वेळ टिकला. घागर खांद्यावर घेऊन परतला तेव्हा पाणी त्याच्या मानेवरून पाठीत उतरत होतं, आणि खांदा ठणकत होता त्याच जागी, जिथे हैबतीच्या खांद्याला घट्टा पडला होता.

उथळात उतरून त्याने घागर हळूच कलती केली. पिल्लं पाण्यात पसरली. जरा गोंधळली, मग भानावर आली आणि उन्हात चमकायला लागली.

सर्जाचा ऊर भरून आला.

"दादा!" तो मोठ्याने ओरडला. "दादा, बघ! तुझी पिल्लं आणली!"

"सर्जा, हाक मारू नगंस—"

बाबांचे शब्द पोचेपर्यंत हाक गेली होती.

खोल पाण्यातून एक काळी पाठ आली. मग दुसरी. मग सगळ्या. उथळातलं पाणी चुलीवर ठेवल्यासारखं उकळलं... आणि निवलं.

तुटक्या मिशीचा वर आला. हवेचा घोट घेतला. आणि सर्जाच्या पायापाशी थांबून वर बघत राहिला, आणखी काही आहे का म्हणून.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. सर्जा रिकामी घागर पोटाशी धरून काठावर बसला होता. बाबा शेजारी.

"त्यांची काय चूक, बाबा?"

"काय बी न्हाई."

"भूक लागली, खाल्लं."

"व्हय."

"मग?"

"पाऊस आला की अंडी घालतील."

सर्जाने डोहाकडे बघितलं. खोलात थोरले खडस फिरत होते. तांबूस पाठी उन्हात येत होत्या, जात होत्या. त्यांच्या मागे त्यांचं असं काहीच नव्हतं.

"डोह गेला का मग?"

"आया हायत अजून," बाबा म्हणाले.

सर्जा ताडकन उठला. "म्या धरतो. दुसरीकडं नेऊन सोडतो."

"कुठं?"

"खाली, नदीला."

"नदीत काय कमी पिल्लं हायत?"

"मग विहिरीत सोडतो! वरच्या मळ्यातल्या!"

"पावसात ती विहीर भरून नदीला वाहती, सर्जा."

पण तो कुठला थांबतो. हाताला गोणपाट गुंडाळून त्याने चुरमुरे खायला आलेला एक मांगूर धरला, बादलीत टाकला आणि मळ्याची वाट धरली. बांधावर ठेचकाळला. बादली कलंडली, मासा पाटाच्या ओल्या गवतात पडला.

सर्जा धरायला वाकला आणि तसाच राहिला.

मासा मेला नाही, तडफडलाही नाही. त्याने गळ्याजवळचे दोन्ही पर जमिनीत रोवले, अंग डावीकडे टाकलं, मग उजवीकडे, आणि निघाला. गवत बाजूला सारत, मान वर करून, तो पाण्याच्या दिशेने चालत निघाला.

सर्जा त्याला सदऱ्यात गुंडाळून धावत परत आला. छाती भात्यासारखी चालली होती.

"बाबा, हा चालला! पाण्याबाहेर चालला! माणसागत चालला, बाबा!"

मग त्याचा आवाज चिरला.

"असा जीव दादाला असता तर..."

बाबांनी सदऱ्याचा कोपरा बाजूला केला आणि त्या काळ्या डोक्यावरून एक बोट फिरवलं.

"नादर जनावर, लाखात एक," ते म्हणाले. "ह्याच्या देशात, ह्याच्या नदीत बघायला पायजे ह्याला. तिथं ह्याला खाणारं असंल, ह्याच्यापासून पळणारं असंल. आपल्या डोहाला ह्याची वळख न्हाई."

"जीव मारू नये असं तुम्हीच सांगता."

"म्या कधी सांगितलं?"

"डोहात गळ टाकू नये म्हणता, ते काय मग?"

बाबा उठले. दर्ग्याच्या चौकटीला टांगलेल्या गळांतला एक त्यांनी सोडवला. पिल्लांच्या, खडसांच्या, कुणाकुणाच्या तोंडातून काढलेल्या गळांतला एक. तो तळहातावर घेऊन त्यांनी हात सर्जापुढे केला.

पलीकडे धोंडूतात्या हंडा भरत होता. भोईवाड्यातला सगळ्यांत म्हातारा आणि सगळ्यांत तोंडाळ. हंडा त्याच्या हातातून निसटला.

"बाबा! पिराच्या डोहात गळ? तापात डोक्यावर परिणाम झाला का काय तुमच्या?"

बाबांचा हात तसाच पुढे होता.

सर्जाने गळ उचलला. उन्हात धरून बघितला. मग चौकटीपाशी गेला आणि होता तिथे परत टांगला.

"ह्याला खडस बी लागंल," तो म्हणाला. "माझे माझ्या हाताला येत्यात."

बाबांनी मान खाली घातली. त्यांच्या त्या झुकलेल्या मानेकडे सर्जा बघतच राहिला. आजवर बाबा पिरापुढे आणि नदीपुढे वाकलेले त्याने बघितले होते. माणसापुढे कधी नाही.

सदऱ्यातला मांगूर त्याने खडकावर नेला. भोयाचा हात तो, एका घावात काम झालं. पण पुढे काय करायचं ते त्याला कळेना. दादाच्या नावाने सोडलेला मासा हातात घेऊन तो नुसता उभा राहिला.

बाबांनी तो त्याच्या हातून घेतला. साफ केला. चुलीवर तवा ठेवला.

डोहावर येऊन बसल्यापासून या माणसाने माशाला तोंड लावलं नव्हतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाबांनी भाकरी मोडली, माशाचा तुकडा घेतला, बिस्मिल्ला म्हणाले आणि खाल्ला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंड चावत होतं.

"बाबा बाटले!" धोंडूतात्या ओरडला.

"मीठ कमी हाय, तात्या," बाबा म्हणाले. "घरनं घेऊन ये."

तात्या घरी गेला तो परत येईल असं सर्जाला वाटलं नव्हतं. तो आला. मीठ आणलं, कांदा आणला. खाली बसला, आणि काही न बोलता त्यानेही एक तुकडा उचलला.

सर्जाला कुणी खा म्हटलं नाही.

त्यानंतर तो रोज डोहावर यायचा. "दादा" अशी हाक आता तो मारत नव्हता. पण माशांना नावाशी काय करायचं? त्यांना आवाज पुरत होता. तो नुसता "या" म्हणाला तरी यायचे, हातातून खायला तोंड वर करायचे, आणि तो गोणपाटाचा हात त्यांच्याभोवती मिटायचा. परांचे काटे गोणपाटातून शिरायचे. त्याचे हात सुजून भाकरीसारखे झाले. वहिनी हळद लावायची. कशाने सुजले हे तिने एकदाही विचारलं नाही. ती रोज त्या माशांचं कोरड्यास करायची आणि भोईवाड्यात वाटायची, आणि लोक हैबतीच्या घरचं म्हणून खायचे.

बाबा रोज पायरीवर बसून असायचे. कधी थांब म्हणाले नाहीत, कधी शाबास म्हणाले नाहीत. सर्जा पाण्यात असेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत, एवढंच.

शेवटी एकटा तुटक्या मिशीचा उरला.

कड्यावर ढग जमायला लागले. वारा फिरला. सर्जा सकाळपासून उथळात उभा होता आणि तो थोराड मासा खोलातच होता. मधूनच लांबवर वर यायचा, हवेचा घोट घ्यायचा, दिसेनासा व्हायचा. सर्जा त्याला बोलवत नव्हता. ओठ घट्ट मिटून उभा होता. पाऊस आधी आला तर बरं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तसं मनात आल्याबरोबर त्याने मागे वळून बाबांकडे बघितलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

सर्जा पाण्याकडे वळला.

"येऊ नगंस," तो अगदी हळू म्हणाला. "येऊ नगंस रं."

आवाज ऐकला आणि तो आला.

सर्जाने त्याला दोन्ही हातांनी पाण्याखालीच धरलं. गोणपाट नव्हतं. काटे तळव्यात रुतले तरी त्याने पकड ढिली केली नाही. मासा वळवळला, मग निपचित राहिला. हवेची वेळ झाली होती, त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

सर्जाने त्याला उचलून पाण्याच्या वर धरलं.

"घे," तो म्हणाला. "पोटभर घे."

तुटक्या मिशीच्या त्या माशाने हवेचा एक मोठा घोट घेतला. सर्जानेही त्याच्याबरोबर घेतला. मग तो खडकाकडे गेला.

परतला तेव्हा त्याचे हात रिकामे होते आणि तळव्यांतून रक्त येत होतं. पायरीवर, बाबांच्या शेजारी, जागा होती. हैबती गेला त्या दिवशी केलेली ती जागा बाबांनी अजून भरू दिली नव्हती.

सर्जा तिथे बसला.

समोर थोरले खडस अंड्यांनी जड झालेली पोटं घेऊन कोपऱ्यातल्या उथळ पाण्याजवळून सावकाश फिरत होते.

"बाबा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता. "माझा भाऊ कसा मेला?"

बाबांनी काठीने तो उथळ कोपरा दाखवला.

वाऱ्याने चौकटीचे गळ किणकिणले.

"पाय बुडव," बाबा म्हणाले.